धन्यवादित बिशप अँटन स्लोमशेक : धर्मप्रांताची सीमा आणि लोकांची भाषा

मातृभाषेत प्रार्थना करण्याचा हक्क कधी कधी नकाशावरील एका रेषेवर अवलंबून असतो. हे ओळखून कार्य करणारे मेंढपाळ म्हणजे स्लोव्हेनियाचे धन्यवादित बिशप अँटन मार्टिन स्लोमशेक. २४ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

स्लोमशेक यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८०० रोजी पोनिक्वा गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. तो प्रदेश त्या वेळी हॅब्सबर्ग राजवटीखाली होता. कचेरी, उच्च शिक्षण आणि प्रतिष्ठा यांची भाषा जर्मन होती. स्लोव्हेन ही शेतावरची आणि घरातली बोली समजली जाई. १८२४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे क्लागेनफुर्ट येथील सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक असताना ते भावी धर्मगुरूंना स्लोव्हेन भाषा शिकवीत. लोकांची भाषा न जाणणारा धर्मगुरू त्यांचे पापनिवेदन तरी कसे ऐकणार, ही त्यांची तळमळ होती.

१८४२ साली त्यांनी रविवारच्या शाळांसाठी स्लोव्हेन पाठ्यपुस्तक लिहिले. स्लोव्हेन पुस्तके प्रकाशित करणारी संस्था काढण्यास सरकारने परवानगी नाकारली, तेव्हा त्यांनी वार्षिक सुरू केले. अखेर १८५१ साली सहकाऱ्यांच्या साह्याने संत हर्मागोरस यांच्या नावाची प्रकाशन संस्था उभी राहिली. तिने सामान्य शेतकऱ्यांच्या घरी पुस्तके पोहोचविली.

१८४६ साली ते लावांत धर्मप्रांताचे बिशप झाले. धर्मप्रांताचे पीठ जर्मन भाषिक भागात, एका कडेला होते. स्टायरिया प्रांतातील स्लोव्हेन भाविक मात्र दोन धर्मप्रांतांत विभागलेले होते. बिशपांनी पोपमहोदय व सम्राट या दोघांची संमती मिळविली आणि सप्टेंबर १८५९ मध्ये पीठ मारिबोर शहरात हलविले. स्टायरियातील स्लोव्हेन भाविक एका छत्राखाली आले. मारिबोर शहरात जर्मन भाषिकांचे प्राबल्य असूनही तेथे सेमिनरी व ईशज्ञानाचे महाविद्यालय सुरू झाले. तीनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १८६२ रोजी, बिशप देवाघरी गेले.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सां-जेर्मां तहाने मारिबोर नव्या युगोस्लाव्ह राज्यात आले. या घटनेची पायाभरणी स्लोमशेक यांनी आखलेल्या सीमेने केली, असे अनेक इतिहासकार मानतात.

परंतु प्रत्येक रेषेला दुसरी बाजूही असते. १८५९ च्या फेररचनेत लावांतचा कारिंथियातील भाग जर्मन बहुसंख्य असलेल्या गुर्क धर्मप्रांताला जोडला गेला. तेथील स्लोव्हेन भाविक अल्पसंख्यच राहिले. १९२० च्या सार्वमताने दक्षिण कारिंथिया ऑस्ट्रियात राहिला. १९५५ च्या करारात स्लोव्हेन भाषेला हक्क मिळाले खरे, पण गावांच्या द्विभाषिक पाट्यांचा वाद २०११ साली तडजोड होईपर्यंत चालला. एकच भाषा, पण सीमेच्या एका बाजूला ती राज्यभाषा झाली आणि दुसऱ्या बाजूला तिला साध्या पाटीसाठी झगडावे लागले.

१९ सप्टेंबर १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मारिबोर येथे स्लोमशेक यांना धन्यवादित घोषित केले. त्यांनी जर्मन भाषेचा द्वेष केला नाही. ती ते उत्तम जाणत. शेजाऱ्याच्या भाषेचा आदर राखूनही आपली भाषा जपता येते, हे त्यांनी कृतीतून दाखविले.

सीमा आखणे आपल्या हाती नसते. परंतु घरातील सायंप्रार्थना कोणत्या भाषेत व्हावी, हे आपल्याच हाती आहे. आपली मुले आजी-आजोबांच्या भाषेत प्रार्थना करू शकतात का, याचा विचार धन्यवादित स्लोमशेक यांच्या स्मृतिदिनी आपण अवश्य करावा.