अनुताई वाघ

अनुताई बाळकृष्ण वाघ (जन्म : १७ मार्च १९१०, मोरगाव, पुणे जिल्हा, मृत्यू : २७ सप्टेंबर १९९२) या महाराष्ट्रातील बालशिक्षणतज्ज्ञ आणि समाजसेविका होत्या. ताराबाई मोडक यांच्या सहकारी म्हणून त्यांनी बोर्डी व कोसबाड येथे ग्रामीण आणि आदिवासी मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचे काम केले. अंगणवाडी या संकल्पनेच्या जडणघडणीत या दोघींचा मोलाचा वाटा आहे.

सुरुवातीचे जीवन

तत्कालीन रूढीनुसार अनुताईंचा विवाह वयाच्या तेराव्या वर्षी झाला आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्यानंतर त्यांनी शिक्षणाची वाट धरली. पुण्यातील अध्यापिका विद्यालयातून १९२९ मध्ये त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण केले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे काही वर्षे शिकवल्यानंतर १९३३ ते १९४४ या काळात त्या पुण्यातील हुजूरपागा शाळेत शिक्षिका होत्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेत शिकत त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. पदवी त्यांनी १९६१ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मिळवली.

बोर्डी

१९४५ मध्ये बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली. ताराबाई त्या वेळी खेड्यात बालशिक्षणाचा प्रयोग सुरू करण्याच्या विचारात होत्या. अनुताईंनी पुण्यातील शहरी जीवन मागे ठेवून त्यांना साथ देण्याचे ठरवले. त्याच वर्षी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

मुले बालवाडीत आणणे हीच पहिली अडचण होती. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हे नाव या प्रयोगातून रूढ झाले. ओळखीची जागा, घरची माणसे दृष्टीच्या टप्प्यात आणि भोवती शेजारची मुले, यामुळे लहान मुलाला घर सोडण्याची धास्ती उरत नसे. आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे शिक्षणाचाच भाग मानली जात. ती पाहताना आयांनाही बालसंगोपनाचे धडे मिळत. गाणी, गोष्टी आणि खेळ यांतून शाळेची सवय लागे.

कोसबाड

१९५७ च्या सुमारास संस्थेचे काम डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. येथील वारली कुटुंबांत आईवडील दिवसभर मजुरीला जात. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम थोरल्या मुलींकडे आणि गुरे राखण्याचे काम मुलांकडे असे. त्यामुळे इच्छा असूनही अनेक मुलांना शाळेत येता येत नसे.

यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र जोडणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. तान्ह्या भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू शकत असे. पाळणाघरातले मूल पुढे ओळखीच्याच आवारात बालवाडीत आणि तेथून पहिलीत जाई. गुराखी मुलांसाठी शिक्षक थेट चराईच्या जागी जात. या उपक्रमाला ‘कुरणशाळा’ म्हणत.

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंचा शैक्षणिक साधने म्हणून वापर करण्यात आला. मुलाला शाळेसाठी तयार करण्याआधी शाळा मुलासाठी तयार करावी, हे या सर्व प्रयोगांमागील सूत्र होते.

उत्तरायुष्य आणि वारसा

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाल्यावर संस्थेची जबाबदारी अनुताईंकडे आली आणि त्यांनी ती अखेरपर्यंत सांभाळली. बालसेविकांचे प्रशिक्षण व लेखन हीदेखील त्यांच्या कार्याची महत्त्वाची अंगे होती. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सेवा या केंद्रांमार्फत सहा वर्षांखालील मुलांना दिल्या जातात.