ठिणगीचा धनी

जुनी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद जडलेल्या माणसाला एक गोष्ट लवकरच उमगते. गंज खरवडून काढता येतो, वाकलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो, टाकीला नवा रंग देता येतो. पण ठिणगी रुसली की सारे श्रम वाया जातात. साठ-सत्तर वर्षे अडगळीत पडलेले इंजिन उघडून, घासूनपुसून पुन्हा जोडले आणि किकमागून किक मारूनही ते दाद देईना, की शोध जाऊन थांबतो तो इंजिनाच्या कडेला बसवलेल्या एका लहानशा यंत्रापाशी. त्याचे नाव मॅग्नेटो. बॅटरीशिवाय, केवळ फिरणाऱ्या तारेच्या वेढ्यांतून आणि चुंबकाच्या बळावर ठिणगी पाडणाऱ्या या यंत्राला जगभर पोहोचवणारा माणूस म्हणजे रॉबर्ट बॉश.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत त्यांचा क्रमांक अकरावा. वडिलांची शेती होती आणि गावात खाणावळवजा पथिकाश्रम होता. वडील खेड्यात राहणारे असले तरी वाचनाची आवड असलेले आणि उदार मतांचे गृहस्थ होते. १८६९ मध्ये हे कुटुंब उल्मला आले. शाळा संपल्यावर १८७६ मध्ये रॉबर्ट सूक्ष्मयंत्रांच्या कारागिराकडे उमेदवारीला लागले. तिथे शिकवण्याकडे मालकाचे फारसे लक्ष नसे. उमेदवारीच्या त्या तीन वर्षांची कडवट आठवण त्यांनी आयुष्यभर जपली आणि पुढे स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ मुलांच्या शिक्षणाची नीट व्यवस्था लावून तिची भरपाई केली.

त्यानंतरची सात वर्षे भटकंतीची होती. निरनिराळ्या कारखान्यांत काम, एक वर्षाची लष्करी सेवा, स्टुटगार्टच्या तंत्रशाळेत थोडेसे शिक्षण आणि मग १८८४ मध्ये अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या उद्योगांशी संबंधित कारखान्यांत त्यांनी काम केले आणि कामगारांच्या एका संघटनेचे ते सभासदही झाले. तिथून ते इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात गेले. वीज हे शास्त्र तेव्हा नवखे होते. पुस्तकी शिक्षण अपुरे असल्याची खंत बॉश यांना होती. पण हाताला आणि डोळ्याला जे वळण लागले ते याच वर्षांत.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. सूक्ष्मयंत्रे आणि विद्युत उपकरणे यांची ही कर्मशाळा. सोबतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या मुलगा, भांडवल वडिलोपार्जित दहा हजार मार्कांचे. टेलिफोन, विजेच्या घंटा, जे मिळेल ते काम ते करीत. १८८७ मध्ये एका लहान यंत्रउत्पादकाने त्यांच्याकडे स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. अशा प्रकारचे यंत्र डॉइट्स येथील कारखान्याने आधीच बनवले होते. त्यावर पेटंट नाही याची खात्री करून घेऊन बॉश यांनी त्यात सुधारणा केली आणि ते तयार करून दिले. मॅग्नेटोचा शोध बॉश यांचा नव्हे, हे म्हणूनच लक्षात ठेवायला हवे. त्यांची कमाई वेगळी होती: दुसऱ्याचे अर्धवट यंत्र भरवशाचे करणे.

सुरुवातीची वर्षे मात्र ओढाताणीची गेली. १८९२ च्या सुमारास मंदीमुळे बहुतेक कामगारांना निरोप द्यावा लागला. बॉश सायकलवरून गिऱ्हाइकांकडे जात. स्टुटगार्टमध्ये सायकल हे तेव्हा अप्रूपच होते. कर्जाच्या ओझ्याखाली दुकान कसेबसे तगले.

तीनचाकीने दिलेले वळण

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या उद्योजकाने द दियाँ-बूताँ या फ्रेंच कंपनीची मोटर लावलेली तीनचाकी त्यांच्याकडे आणली आणि तिला मॅग्नेटो बसवून मागितला. मोटरसायकलच्या पूर्वजांत या तीनचाकीची गणना होते. तिचे चिमुकले इंजिन त्या काळाच्या मानाने भलतेच वेगवान. मिनिटाला दीड हजाराहून अधिक फेरे घेणारे. संथ चालणाऱ्या स्थिर इंजिनांसाठी घडवलेला मॅग्नेटो या वेगापुढे हतबल होता, कारण त्यात तारेचे वेढे असलेला जड गाभाच चुंबकाच्या ध्रुवांमध्ये पुढेमागे झुलत असे. बॉश यांचा कारखाना सांभाळणारे आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोडगा काढला. जड गाभा जागीच ठेवायचा आणि त्याच्याभोवती फक्त धातूचे हलके आवरण हलते ठेवायचे. प्रयोग यशस्वी झाला आणि मॅग्नेटोला रस्त्यावरची वाहने खुली झाली.

तरीही एक अडचण उरली होती. या यंत्राचा दाब कमी असल्याने ठिणगीसाठी सिलिंडरच्या आत हलणारे संपर्क ठेवावे लागत. धग, काजळी आणि धक्के यांत ते लवकर झिजत. बॉश यांच्याकडेच पूर्वी उमेदवारी केलेले गोटलोब होनोल्ड यांच्याकडे हे काम आले. १९०१ च्या अखेरीस त्यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. एकाच गाभ्यावर तारेचे दोन वेढे: एक जाड तारेचा, मोजक्या फेऱ्यांचा, दुसरा बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. गाभा चुंबकीय क्षेत्रात फिरला की जाड तारेत प्रवाह निर्माण होतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडून तो तोडला की बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या टोकांमधली फट ओलांडून ठिणगी पडते. सिलिंडरच्या आत हलणारे काही उरलेच नाही. १९०२ मध्ये या रचनेला पेटंट मिळाले. १९०३ मध्ये आयर्लंडमधील गॉर्डन बेनेट शर्यत कामिय जेनात्सी यांनी मर्सिडीज गाडीतून जिंकली. त्या गाडीतही बॉश यांचाच, जुन्या धर्तीचा मॅग्नेटो होता. या विजयाने बॉश यांचे नाव युरोपभर झाले.

दोष शोधण्याचे तर्कशास्त्र

होनोल्ड यांनी आखलेल्या या रचनेतच जुन्या मोटरसायकलच्या दुरुस्तीची रीत दडलेली आहे. ठिणगीच्या वाटेवर पॉइंट, कंडेन्सर, वेढे, स्लिप रिंग, कार्बनचा ब्रश, जाड वायर आणि प्लग असे ठरावीक टप्पे आहेत. दोष यांपैकी कोठेतरी असणार हे निश्चित असल्याने जाणता कारागीर अंदाजाने सुटे भाग बदलत सुटत नाही. तो प्लग काढून सिलिंडरच्या डोक्याला टेकवतो आणि किक मारून पाहतो. ठिणगी दिसली तर दोष बहुधा टायमिंगमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये. न दिसली तर दुसरा, चालू असल्याची खात्री असलेला प्लग. तरीही अंधार असेल तर इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर मॅग्नेटोपासून सोडवून पाहतात. या वायरचे आवरण कोठेतरी सोलून ती सांगाड्याला चिकटली, तर मॅग्नेटो धडधाकट असूनही गाडी मुकी राहते. अनेकदा साऱ्या खटाटोपाचे मूळ एवढेच निघते.

त्यापुढे पॉइंट. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या गाडीच्या पॉइंटवर ऑक्साइडची बारीक पापुद्री चढते आणि प्रवाहाची वाट अडते. ते साफ करून त्यांची फट, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर, मोजपट्टीने बेतावी लागते. पॉइंटवरच भगभगीत निळी ठिणगी उडत असेल आणि प्लगला मात्र दुबळी पोहोचत असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. स्लिप रिंगवर तेल आणि काजळी साचली असेल किंवा कार्बन झिजला असेल, तर ठिणगी वाटेतच पळवाट काढते.

सर्वांत फसवा दोष तो, जो ऊन लागल्यावरच प्रकटतो. थंड असताना गाडी एका किकमध्ये सुरू होते, थोडे अंतर गेल्यावर आचके देत बंद पडते आणि गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. जुन्या वेढ्यांवरचे चपड्याचे लुकण तापून मऊ होते किंवा कंडेन्सर तापल्यावर गळू लागतो, ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी गाभा बाहेर काढून नव्याने तार गुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या, नालाच्या आकाराच्या चुंबकांच्या मॅग्नेटोमधून गाभा काढताना ध्रुवांवर लोखंडी पट्टी ठेवावी लागते; ती विसरल्यास चुंबक दुबळे होतात आणि नवी तार गुंडाळूनही ठिणगीत जीव येत नाही.

यश आणि युद्ध

मॅग्नेटोच्या बळावर बॉश यांचा पसारा वाढत गेला. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला, १९१२ मध्ये दहा लाखावा. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथे शाखा निघाल्या. १९०६ मध्येच त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत तेव्हा ते फार थोड्यांनी केले होते. उद्योगपतींच्या वर्तुळात त्यांना त्यामुळे लाल बॉश म्हणून हिणवले गेले. यात परोपकाराइतकाच हिशेबही होता: ताजातवाना कामगार चुका कमी करतो आणि दोन पाळ्यांत यंत्रे अधिक वेळ चालतात. मात्र १९१३ मध्ये याच कारखान्यात मोठा संप झाला आणि कामगार आपल्याला समजून घेतील ही त्यांची अपेक्षा दुखावली गेली. पुढे ते मालकांच्या संघटनेत सामील झाले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघड झाली. ब्रिटनच्या मोटारी, मोटरसायकली आणि विमाने ठिणगीसाठी प्रामुख्याने जर्मन मॅग्नेटोवर अवलंबून होती आणि तो पुरवठा एका रात्रीत तुटला. ब्रिटनला हा उद्योग घाईघाईने उभारावा लागला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्याच वर्षी मॅग्नेटो बनवणारा कारखाना विकत घेतला. पुढे नॉर्टन, बीएसए यांसारख्या मोटरसायकलींवर दिसणारे लुकासचे मॅग्नेटो त्या वाटेने आले. भारतात आज जतन केल्या जाणाऱ्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांवर म्हणूनच लुकासचे नाव आढळते.

बॉश यांना युद्धाचा मनापासून तिटकारा होता. कारखाना मात्र युद्धसामग्री पुरवत होता आणि पैसाही मिळत होता. हा पैसा जवळ ठेवणे त्यांना रुचले नाही. सुमारे दोन कोटी मार्कांचा युद्धकाळातील नफा त्यांनी लोकोपयोगी कामांना दिला. त्यातील मोठा वाटा नेकार नदीवरील जलमार्गासाठी होता. युद्धाने त्यांच्याकडूनही किंमत वसूल केली. शत्रुराष्ट्रांतील शाखा, पेटंट आणि अमेरिकेतील मोठा कारखाना जप्त झाला. एकुलता मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानंतर १९२१ मध्ये गेला. उद्योगाचा वारस म्हणून ज्याच्याकडे पाहिले तोच उरला नाही.

धंद्यातही दिवस पालटत होते. १९२० च्या दशकात स्वस्त बॅटरी इग्निशनने मोटारींमधून मॅग्नेटोला हुसकावायला सुरुवात केली. ज्या यंत्रावर सारे वैभव उभे होते त्यालाच चिकटून राहण्याचा मोह बॉश यांनी टाळला. १९२५ मध्ये त्यांच्याच कंपनीने बॅटरी इग्निशन बाजारात आणले आणि १९२७ मध्ये डिझेल इंजिनाचा इंजेक्शन पंप. मोटरसायकलींवर मात्र मॅग्नेटो दीर्घकाळ टिकला. बॅटरी उतरली तरी गाडी घरी आणतो, हा त्याचा गुण दुचाकीस्वाराला मोलाचा होता.

अंधारातली वर्षे

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉश यांना ही राजवट मनातून मान्य नव्हती. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हान्स वाल्ट्स यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली. राजवटीचे विरोधक कार्ल ग्योर्डेलर यांना १९३७ मध्ये कंपनीचे सल्लागार नेमून आसरा दिला. हिटलरविरोधी कटातील सहभागाबद्दल ग्योर्डेलर यांना १९४५ मध्ये फाशी झाली. वाल्ट्स यांचा इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने १९६९ मध्ये गौरव केला. पण याच काळात कंपनी लष्करी कंत्राटे पुरी करीत राहिली आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यांत सुमारे २० हजार वेठबिगार राबवले गेले. बॉश यांच्या चरित्रातून या दोहोंपैकी एकही बाजू वगळता येत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्टमध्ये बॉश यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता तिनेच सरकारी इतमामाने त्यांची अंत्ययात्रा काढली, हा दैवाचा क्रूर विनोद म्हणावा लागेल. संपत्तीचा विनियोग लोकहितासाठी व्हावा अशी त्यांची इच्छा होती. १९६४ मध्ये वारसांनी बहुतांश भाग लोकहितकारी संस्थेला हस्तांतरित केले. पुढे ती रॉबर्ट बॉश प्रतिष्ठान म्हणून ओळखली जाऊ लागली. कंपनीचे ९० टक्क्यांहून अधिक भागभांडवल याच प्रतिष्ठानाकडे आहे.

भारतात बॉश यांची उत्पादने त्यांच्या हयातीतच, १९२२ मध्ये कोलकात्यातील विक्रीकेंद्राद्वारे आली. १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली. तिचाच कारखाना पुढे नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल हे नाव कायम आहे.

कमअस्सल वस्तू आपल्या नावाने विकली जाऊ नये, त्यासाठी तोटा सोसावा लागला तरी बेहत्तर, अशी बॉश यांची धारणा होती. तिची कसोटी आजही घेता येते. शंभर वर्षांपूर्वीचा मॅग्नेटो उघडून, घासून, नवी तार गुंडाळून पुन्हा जोडला आणि हाताने फिरवला, तर प्लगच्या टोकाशी निळसर ठिणगी आजही उमटते.