कोशकार सर जेम्स मरे

इंग्रजीच्या तासाला एखादा शब्द अडला कीं आपण कोश उघडतों, अर्थ पाहतों आणि कोश मिटून ठेवतों. तो अर्थ तेथें कोणीं व किती श्रमांनीं लिहून ठेवला, हा विचार मनांत क्वचितच येतो. इंग्रजी शब्दांचा इतिहास शोधण्यांत ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं ३६ वर्षें वेंचिलीं, त्या सर जेम्स मरे यांचें चरित्र म्हणूनच विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

मरे यांचा जन्म ता. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं स्कॉटलंडच्या दक्षिण भागांतील डेनहोम या खेड्यांत झाला. वडील शिंप्याचा धंदा करीत. घरची स्थिति बेताची असल्यामुळें चौदाव्या वर्षाच्या सुमारास जेम्सला शाळा सोडावी लागली. शाळा सुटली, तरी अभ्यास मात्र सुटला नाहीं. जें पुस्तक हातीं येईल तें तो वाची आणि एकामागून एक भाषा स्वतःच शिके. सतराव्या वर्षीं तो हॉइक गांवीं दुय्यम शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षीं मुख्याध्यापक.

१८६२ सालीं त्यांचा विवाह झाला. परंतु हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. तान्ही मुलगी दगावली व पत्नी क्षयानें अंथरुणास खिळली. हवापालट व्हावा म्हणून मरे १८६४ सालीं आवडती शाळा सोडून लंडनला आले आणि हिंदुस्थानाशीं व्यवहार करणाऱ्या एका बँकेंत कारकून झाले. पुढच्याच वर्षीं पत्नी वारली. ब्रिटिश म्यूझियममध्यें जागा मिळावी म्हणून त्यांनीं आपल्याला अवगत असलेल्या अनेक भाषा नमूद करून अर्ज केला, तोहि नामंजूर झाला. तरीहि त्यांनीं भाषांचा व्यासंग सोडला नाहीं. १८६७ सालीं त्यांनीं दुसरा विवाह केला. १८७० सालीं ते मिल हिल येथील शाळेंत पुन्हा शिक्षक झाले. आपल्या प्रांतांतील बोलीवर त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १८७३ सालीं प्रसिद्ध झाला व विद्वानांचें लक्ष त्यांच्याकडे वेधलें.

इंग्रजीचा नवा कोश करावा, असा विचार लंडनच्या भाषाशास्त्र-मंडळानें १८५७ सालींच सुरू केला होता. पहिले संपादक अकालीं वारले आणि पुढें काम विस्कळित झालें. अखेर १८७९ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानें हें काम मरे यांच्याकडे सोंपविलें. मुदत ठरली दहा वर्षें. आधीं जमविलेल्या चिठ्यांचा सुमारें दोन टन ढीग त्यांच्या दारीं येऊन पडला. एका पोत्यांत मेलेला उंदीर, तर दुसऱ्यांत पिलांसह जिवंत उंदरीण निघाली. एका अक्षराच्या चिठ्या तर इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं सांपडल्या. मरे यांनीं शाळेच्या आवारांत पत्र्याची एक खोली उभारिली, तींत हजारांवर कप्पे केले आणि कामास आरंभ केला. घरांतील मुलेंहि खाऊच्या पैशांसाठीं चिठ्या अक्षरांप्रमाणें लावून देत.

त्यांची पद्धति अशी होती. जुने-नवे ग्रंथ वाचून शेंकडों लोक चिठ्या पाठवीत. प्रत्येक चिठीवर एक शब्द, तो ज्यांत आला तें वाक्य, ग्रंथकाराचें नांव व साल असे. या चिठ्या सालवार लाविल्या म्हणजे शब्दाचें सारें आयुष्य डोळ्यांपुढें उभें राही. आज गोड अर्थानें वापरला जाणारा ‘नाइस’ हा शब्द एके काळीं ‘मूर्ख’ या अर्थाचा होता. त्याचें लॅटिन मूळ ‘अज्ञानी’ असें आहे. उलट, ‘सिली’ म्हणजे पूर्वीं ‘सुखी, धन्य’. पुढें तो ‘बापुडा’ झाला आणि शेवटीं ‘मूर्ख’ ठरला. ‘लॉर्ड’ म्हणजे मुळांत भाकरीचा रक्षक, आणि ‘लेडी’ म्हणजे भाकरीचें पीठ मळणारी!

अशा गोष्टी गोड असतात, म्हणूनच त्या रचून सांगण्याचा मोह पडतो. मरे यांचा नियम कडक होता: पुराव्यावांचून कांहीं लिहावयाचें नाहीं. ‘बॉय’, ‘गर्ल’, ‘डॉग’ हे लहान मुलांच्या तोंडचे शब्द. पण त्यांचें मूळ निश्चित कळत नाहीं, असेंच त्या कोशानें नमूद केलें. ‘दासी’ या अर्थाच्या ‘बाँडमेड’ शब्दाच्या चिठ्या हरवल्या आणि तो शब्द छापावयाचा राहिला. विचारणा झाली तेव्हां मरे यांनीं ती चूक कबूल केली. १९३३ सालच्या पुरवणींत त्या शब्दाला जागा मिळाली.

कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला, तेव्हां पांच वर्षांत ‘ए’ अक्षरहि संपलें नव्हतें. चालकांनीं घाई केली, खर्चाबद्दल कुरकुर केली. पण मरे यांनीं कामाचा दर्जा उतरूं दिला नाहीं. १८८५ सालीं ते ऑक्सफर्डला राहावयास गेले. तेथील खोली ओलसर व गार असे. जाड कोट घालून, वारा लागूं नये म्हणून कधीं पाय पेटींत घालून, ते लिहीत बसत. १९०८ सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठानें सन्माननीय डॉक्टर केलें, तें मात्र १९१४ सालीं.

ता. २६ जुलै १९१५ रोजीं मरे निवर्तले. तेव्हां ‘टी’ अक्षराचें काम चाललें होतें. सहकाऱ्यांनीं १९२८ सालीं कोश पूर्ण केला. त्यांत ४,१४,८२५ शब्द व अठरा लाखांहून अधिक उतारे आहेत, आणि जवळजवळ निम्मीं पानें एकट्या मरे यांच्या संपादनाखालीं तयार झालेलीं आहेत.

या कोशांत ‘मंगूस’ हा शब्द काढून पाहावा. त्याचें मूळ आपल्या मराठींतील ‘मुंगूस’ होय, असें तेथें आढळेल. शिंप्याच्या घरीं जन्मलेल्या आणि चौदाव्या वर्षीं शाळेला मुकलेल्या या पुरुषानें आरंभिलेल्या ग्रंथांत आपल्याहि भाषेचा एक धागा विणला गेला आहे. ज्या कामाचा शेवट आपण पाहूं कीं नाहीं याची खात्री नसते, तेंहि रोज नीट करावें, आणि जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें म्हणण्यास लाजूं नये, हा या चरित्राचा बोध आहे. पुढच्या वेळीं कोश मिटण्यापूर्वीं आपण तो क्षणभर आठवावा.