प्रकाशाकडे वळणारे पान

खिडकीत ठेवलेल्या कुंडीतले रोप हळूहळू उजेडाकडे झुकते. रोपाला ना हात, ना पाय. मग ते हलते कसे? या प्रश्नाचा अनेक वर्षे शोध घेणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशात झाला. वडील सरकारी अधिकारी होते. तरी त्यांनी मुलाला मुद्दाम बंगाली शाळेत घातले. तेथे जगदीशच्या एका बाजूला मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. या मित्रांकडून पशुपक्ष्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता त्याला निसर्गाची गोडी लागली.

इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन ते परतले. १८८५ साली ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे भारतीयांना इंग्रजांपेक्षा कमी पगार मिळे. हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. घरावर कर्ज असूनही त्यांनी तीन वर्षे पगार घेतला नाही. पण शिकवणे एक दिवसही थांबवले नाही. अखेर सरकार नमले आणि त्यांना मागील सर्व पूर्ण पगार मिळाला.

पुढे ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. लाजाळूच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर भाग असतो. त्यातील पेशींमधले पाणी बाहेर गेले, की पान खाली पडते. या भागावर प्रकाश पडला तरी पान हलते, हे बोस यांनी प्रयोगांनी दाखवले. रोपाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारे यंत्रही त्यांनी बनवले.

१९०१ साली त्यांनी लंडनमध्ये आपले प्रयोग दाखवले. काही विद्वानांनी विरोध केला. रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापला नाही. बोस खचले नाहीत. त्यांनी ग्रंथ लिहिले, नवे प्रयोग केले. त्याच सोसायटीने १९२० मध्ये त्यांना आपले सदस्य करून घेतले. त्यांची काही मते पुढेही वादाची राहिली. पण वनस्पतींकडे पाहण्याची नवी दृष्टी त्यांनी दिली.

आज आपल्याला ठाऊक आहे, की पेशीच्या आतही प्रकाशामुळे हालचाल होते. उजेड मंद असला, की पेशीतील हिरवे कण प्रकाशासमोर पसरतात. ऊन कडक झाले, की ते कडेच्या भिंतींकडे सरकून आपला बचाव करतात.

१९१७ साली बोस यांनी कोलकात्यात संशोधन संस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेत आजही संशोधन चालू आहे.