न हसणाऱ्या माणसाची सही

बँकेत असताना मी हजारो सह्या पाहिल्या. काही सह्यांनी घरे उभी राहिली, काहींनी ती बसली. पण एका सहीने एका थोर कलावंताची उमेद कशी हिरावली, हे पाहायचे तर १९२८ सालच्या हॉलिवूडमध्ये जावे लागते. सही करणारा होता बस्टर कीटन. चार्ली चॅप्लिनच्या तोडीचा विनोदवीर. पण पडद्यावर सहसा न हसणारा.

जोसेफ फ्रँक कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातील पिक्वा या लहानशा गावी झाला. आई-वडील गावोगाव खेळ करणारे रंगमंच कलाकार. लहानपणी तो जिन्यावरून गडगडत खाली आला आणि त्यावरून त्याला 'बस्टर' हे नाव पडले, अशी घरची आख्यायिका. पुढे हे गडगडणेच पोटापाण्याचा धंदा झाले. वडील या पोराला भर रंगमंचावर उचलून फेकत. फेकायला सोपे जावे म्हणून त्याच्या अंगरख्याच्या पाठीला पेटीची मूठ शिवलेली असे. पोर पडून उठल्यावर हसले, तर प्रेक्षक हसत नाहीत. चेहरा कोरा ठेवला, तर थिएटर डोक्यावर घेतात. हा धडा त्याला शाळेचे तोंड न पाहताच मिळाला.

वडिलांचे दारूचे व्यसन वाढले, तसा १९१७ मध्ये तो घरच्या खेळातून बाहेर पडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आर्बकल या लोकप्रिय विनोदी नटाने त्याला चित्रपटात घेतले. महायुद्धात फ्रान्सला जाऊन आल्यावर १९२० पासून तो स्वतःचे चित्रपट करू लागला. कॅमेऱ्याची युक्ती वापरण्यापेक्षा जिवावर उदार होणे त्याला अधिक प्रामाणिक वाटे. 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) करताना पाण्याच्या टाकीच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला. मानेचे हाड मोडले होते, हे त्याला कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळले! 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर'मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून तो नेमका सुटतो. ती भिंत वजनदार होती आणि मोकळीक होती जेमतेम काही इंचांची.

'द जनरल'साठी (१९२६) त्याने ओरेगॉनमध्ये जळत्या पुलावरून खरेखुरे इंजिन नदीत कोसळवले. मूकपटांच्या काळातील सर्वांत खर्चिक दृश्यांत त्याची गणना होते. पण समीक्षकांनी नाके मुरडली आणि गल्लाही भरला नाही.

इथे त्याच्या आयुष्याचा ताळेबंद उलटला. कीटनच्या नावाच्या कंपनीत कीटनचा एकही शेअर नव्हता. निर्माता होता त्याचा साडू, जोसेफ शेंक. घरचाच माणूस, कागद कोण वाचतो? शेंकने त्याला एमजीएम या बड्या कंपनीकडे सोपवले. चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड या प्रतिस्पर्ध्यांनी जाऊ नकोस म्हणून सांगून पाहिले. त्याने सही केली.

पगार भरघोस होता, पण कथा, विनोद, संकलन सारे इतरांच्या हाती गेले. गंमत अशी, की तिथले त्याचे सुमार बोलपट चांगले चालले. म्हणजे हिशेबाच्या वहीत कंपनीचेच खरे ठरले! माणूस मात्र खचत गेला. दारू वाढली. १९३२ मध्ये पत्नी नॅटलीने घटस्फोट घेतला आणि दोन्ही मुलांचे आडनावही बदलले. १९३३ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले. पुढे त्याच कंपनीत पूर्वीच्या पगाराच्या मानाने किरकोळ मोबदल्यावर तो इतरांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवत असे.

त्याला सावरले ते एलिनॉर नॉरिस या तरुण नर्तिकेने. त्यांचे लग्न झाले १९४० मध्ये. ती त्याच्याहून तेवीस वर्षांनी लहान होती, पण हा संसार अखेरपर्यंत टिकला. १९४९ मध्ये जेम्स एजी या समीक्षकाच्या लेखाने 'लाइफ'च्या वाचकांना विसरलेल्या कीटनची आठवण करून दिली. १९५२ मध्ये 'लाइमलाइट'मध्ये तो चॅप्लिनबरोबर दिसला. त्याच्या जुन्या बंगल्यात राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला तिथे चित्रपटांचे डबे सापडले आणि नष्ट झाली असे वाटलेली काही रिळे वाचली. १९६० मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाले. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून दीर्घकाळ टाळ्या वाजवल्या.

१ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. १९७२ मध्ये जगभरच्या समीक्षकांनी निवडलेल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांत 'द जनरल' होता.

घरात मुले असतील, तर एखाद्या रविवारी हा चित्रपट त्यांच्यासोबत पाहा. भाषेची अडचण नाही, कारण संवादच नाहीत. मुले पोट धरून हसतील. मोठ्यांनी मात्र त्या कोऱ्या चेहऱ्यावरील डोळ्यांकडे जरा निरखून पाहावे.