ठक्करबाप्पा आणि पाचवी अनुसूची

पनवेल परिसरातील कातकऱ्यांना स्वशासन का लाभले नाही, याचा शोध ठक्करबाप्पांच्या चरित्रापाशी पोचतो. भावनगरला १८६९ साली जन्मलेले अमृतलाल ठक्कर पुण्यात अभियंता झाले. मुंबईचा कचरा वाहणाऱ्या रेल्वेवर काम करताना त्यांनी सफाई कामगारांची दैना पाहिली. १९१४ साली नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात आले आणि पुढे दाहोदच्या भिल्लांचे ‘बाप्पा’ झाले.

१९४७ मध्ये घटना समितीने आसामच्या आदिवासी प्रदेशांचा विचार गोपीनाथ बारडोलोईंच्या, तर इतर प्रांतांतील अशा प्रदेशांचा बाप्पांच्या उपसमितीकडे सोपविला. बारडोलोईंच्या शिफारशींतून सहावी अनुसूची आली. तिच्यातील स्वायत्त जिल्हा परिषदा (आपल्याकडील जिल्हा परिषदांहून सर्वस्वी निराळ्या) जमीन, गावकारभार व वारसा यांविषयी कायदे करतात, करही बसवितात. बाप्पांच्या वाट्याच्या प्रदेशांना पाचव्या अनुसूचीतील सल्लागार परिषद मिळाली. राज्यपालांनी विचारावे, तिने सांगावे. ज्या परिषदेला तिजोरी नाही, तिची स्वायत्तता ती कसली? बाप्पांची सेवा निर्विवाद थोर. परंतु आदिवासींना अलग ठेवण्याच्या भीतीपोटी त्यांना सत्ता देण्याचा विचार मागे पडला.

१९५१ मध्ये बाप्पा निवर्तले. रायगड जिल्हा तर पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्राबाहेरच राहिला. म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभांना दिलेले अधिकारही पनवेलच्या कातकरीवाड्यांना लागू होत नाहीत.