नोंदवहीतील भिवा

केंदूर व आसपासच्या गावांतील पालक जातपडताळणीसाठी पूर्वजांचे दाखले शोधू लागले की मोडीतील कागद घेऊन आमच्याकडे येतात. आजोबांच्या शाळेचा उतारा, वतनी जमिनीचे फेरफार, गाव नमुना चौदा म्हणजे आपले कोतवाल बुक. १० ऑगस्ट १९५० पूर्वीची एक ओळ सापडावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. एका कागदावर ‘नाक’ प्रत्ययाचे नाव, दुसऱ्यावर केवळ बापाचे नाव, तिसऱ्यावर गावावरून पडलेले आडनाव. ही तिन्ही माणसे एकाच घराण्यातील आहेत हे सिद्ध करताना पालकांचा जीव मेटाकुटीस येतो. म्हणून या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांचे चरित्र लिहिताना आम्ही त्यांच्या आडनावाची वाट धरली आहे.

हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. गावाचे नाव आंबवडे असेही लिहिलेले आढळते. आडनाव सकपाळ. हेच आडनाव मराठा घराण्यांतही आहे. आडनावावरून जात ओळखू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आजोबा मालोजी लष्करात होते. वडील रामजी सुभेदारपदापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरची. म्हणजे आजोळचे आडनावही गावावरूनच आलेले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे या दांपत्याचे चौदावे अपत्य जन्मले. घरात त्याला भिवा म्हणत.

रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीहून साताऱ्यास आले. तेथेच भीमाबाई वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले; ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. नोंदवहीतील अनुक्रमांक १९१४. महाराष्ट्र शासन हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. रामजींनी सकपाळ हे कुलनाम बाजूस ठेवून मुलाला गावावरून आंबवडेकर म्हणवले, आणि भिवावर जीव असलेल्या आंबेडकर नावाच्या गुरुजींनी उच्चारास सुटसुटीत असे स्वतःचे आडनाव त्यास दिले, असे सांगण्यात येते. या कथेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्या मते गावनामावरून आडनाव घेण्याची कोकणातील रीत आणि गुरुजींचा लळा या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. ज्या शाळेत मुलाला गोणपाट अंथरून वेगळे बसावे लागे, तेथे एका शिक्षकाने त्याला आपल्या डब्यातील घास द्यावा, हे आम्हा शिक्षकांना विसरता येत नाही.

पुढचा प्रवास वाचकांस ठाऊक आहे: १९०७ साली मॅट्रिक, १९१३ साली कोलंबिया, नंतर लंडन. आम्हाला मात्र त्यातील दुसरा धागा दिसतो. इतरांनी लिहून ठेवलेल्या ओळखीचा हिशेब ते आयुष्यभर मागत राहिले. १ जानेवारी १९२७ रोजी ते केंदूरपासून फार दूर नसलेल्या कोरेगाव भीमा येथील स्तंभाजवळ आले. १८१८ च्या लढाईतील मृतांच्या तेथील यादीत ‘नाक’ प्रत्ययाची २२ नावे आहेत. पूर्वजांचा पुरावा कोणाला दगडातही सापडतो. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ज्या वतनाच्या कागदांत आपण आज आजोबांचे नाव शोधतो, त्याच वतनाने त्या आजोबांना राबवून घेतले होते. बाबासाहेबांना ते जोखड तोडायचे होते. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहण्यास ते राहिले नव्हते.

शूद्र कोण होते याचा शोध त्यांनी १९४६ साली ग्रंथरूपाने मांडला, आणि अस्पृश्य मूळचे कोण याचा १९४८ साली. एका घराण्याऐवजी त्यांनी कोट्यवधींची वंशावळ धुंडाळली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर शाळांच्या दाखल्यांवर बौद्ध हा शब्द उमटू लागला. बौद्धांना अनुसूचित जातीची घटनात्मक मान्यता मिळण्यास १९९० साल उजाडले. मधल्या वर्षांचे दाखले घेऊन येणाऱ्या पालकांच्या कागदांत दोन्ही शब्द आढळतात, आणि आम्ही ते दोन्ही वाचून दाखवतो.